स्वस्त मड टायर : काळ्या मातीत किती उपयोगाचे?
राळेगाव परिसरातील गाडीमालकांसाठी अनुभव आणि हिशेब

राळेगाव तालुक्यात गावोगाव फिरून धंदा करणाऱ्याला एकाच वर्षात दोन प्रकारचे रस्ते तुडवावे लागतात. डिसेंबरात ज्या पांदणीतून कापसाने भरलेली गाडी धुरळा उडवत जाते, त्याच पांदणीत आषाढात रिकामी गाडीही फसते. वडकीजवळून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग आणि तालुक्यातील डांबरी सडका सोडल्या की पुढे काळी माती सुरू होते. शेळ्या-बकऱ्या घेणारा, वाढोणा बाजार किंवा खैरीसारख्या गावी दुकान मांडणारा, बियाणे-खत पोचविणारा किंवा शेतात जाऊन मोटारपंप दुरुस्त करणारा कारागीर, या सर्वांना डांबर सोडून आत उतरावेच लागते. बकरी ईद २०२३ साली २९ जूनला आणि २०२४ साली १७ जूनला आली. म्हणजे बकऱ्यांच्या खरेदीचे दिवस पावसाच्या तोंडावरच पडले. अशा वेळी गाडी पांदणीत फसली तर त्या दिवसाची रोजी तिथेच राहते.

यामुळे गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील जुन्या जीप, कॅम्पर आणि पिकअप गाड्यांवर मोठ्या गट्ट्यांचे, खोल खाचांचे मड टायर दिसू लागले आहेत. नामांकित कंपन्यांचे असे टायर महाग पडतात, म्हणून बहुतेकांची नजर कमी किमतीच्या मालाकडे जाते. हे टायर घ्यावेत की नाही, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. आमच्या घरच्या फोर-बाय-फोर गाडीवर दोन पावसाळे असेच कमी किमतीचे टायर चालले. याच वाटेने गेलेल्या इतर मालकांशीही आम्ही बोललो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

जीप आणि तिचा अरुंद टायर

जीप या भागाला नवी नाही. ती भारतात जुळविणाऱ्या कंपनीची स्थापना १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने झाली होती, हे आजच्या तरुण व्यापाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. त्या जुन्या जीपला सहा इंच रुंदीचा, सोळा इंची रिमचा अरुंद टायर असे. आज रुंद टायर लावण्याची हौस आहे. पण जुने ड्रायव्हर 'बारीक टायर चिखल कापतो' असे सांगत आले, त्यात तथ्य आहे. अरुंद टायर वरचा गारा बाजूला सारून खालच्या घट्ट थराला भिडतो, तर रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो.

मात्र हे तत्त्व जमीन पाहून वापरावे लागते. बरड जमिनीत हात-दीड हातावर मुरूम लागतो, तेथे अरुंद टायर काम करतो. वर्धा नदीच्या बाजूच्या भारी जमिनीत काळा थर इतका खोल असतो की खाली भिडायला काही नसतेच. तेथे गाडी खोदत खोदत धुऱ्यावर टेकते आणि मग कोणताही टायर असला तरी ट्रॅक्टर बोलवावाच लागतो. तेव्हा टायर घेण्यापूर्वी आपला नेहमीचा मार्ग कोणत्या जमिनीतून जातो, हे आधी पाहावे.

काळी माती टायरचे काय करते?

काळ्या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हात आकसतात, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. तीच माती ओली झाली की टायरला लेपासारखी चिकटते. साध्या टायरच्या बारीक खाचा चार फेऱ्यांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत गोट्यासारखा होतो. मड टायरच्या खाचा रुंद असल्याने चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. यालाच टायर 'स्वतःला साफ करतो' असे म्हणतात. पण त्यासाठी चाकाला थोडी गती हवी. अगदी हळू चालविले तर मड टायरच्या खाचाही भरतात. आमचा अनुभव असा की पांदणीत शिरताना दुसऱ्या गिअरवर एकसारखी चाल ठेवावी, मध्ये थांबू नये आणि चाक जागीच फिरू लागले तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नये. जागच्या जागी फिरणारे चाक आपलाच खड्डा खोदते.

पहिल्या पावसानंतर दोन-तीन दिवसांची ओल असते, तेव्हा या टायरचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. ज्या चढावर पूर्वी पऱ्हाट्या टाकाव्या लागत तेथे गाडी निघून जाते. आठवडाभराच्या झडीनंतर मात्र फरक कमी होतो. टायर महाग असो वा स्वस्त, झडीतील भारी जमीन सर्वांना सारखीच वागविते.

कमी किमतीच्या मालात तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे कमी परिचित कंपनीचे नवे टायर. दुसरा, जुन्या टायरवर मड नक्षीचे रबर चढवून तयार केलेले रिमोल्ड. तिसरा, कोणाच्या तरी गाडीवरून उतरविलेले जुने टायर. तिन्ही बाजारात 'स्वस्त मड टायर' म्हणूनच विकले जातात, परंतु त्यांची गुणवत्ता सारखी नाही.

नव्या टायरवर आयएसआय चिन्ह पाहावे. वाहनांच्या टायरसाठी हे चिन्ह सक्तीचे करणारा केंद्र सरकारचा आदेश २००९ सालचा आहे. मोटारींच्या टायरसाठी आयएस १५६३३ आणि व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ ही मानके आहेत. जून २०२० मध्ये केंद्राने बाहेरच्या देशांतून नव्या टायरची मोकळी आयात बंद करून परवाना लागू केला. तेव्हा 'बाहेरून आलेला माल' म्हणून कोणी बिलाशिवाय टायर देत असेल तर दोनदा विचार करावा.

रिमोल्डमध्ये जुन्या टायरची झिजलेली नक्षी खरवडून काढतात, चिकटणाऱ्या रबराचा थर देऊन वर नवी नक्षी बसवितात आणि उष्णतेने ती पक्की करतात. ही पद्धत वाईट नाही. एस.टी. महामंडळानेही आपल्या बसच्या टायरसाठी रिट्रेडिंगचे स्वतःचे कारखाने चालविले. मुद्दा खालच्या सांगाड्याचा आहे. सांगाडा दमदार असेल तर रिमोल्ड चालतो आणि थकलेला असेल तर नवी नक्षी घेऊनच फुटतो. म्हणून रिमोल्ड पुढच्या चाकांना लावू नये आणि त्यावर महामार्गाला वेग घेऊ नये.

टायरच्या बाजूवर काय लिहिलेले असते?

टायरची कुंडली त्याच्या बाजूवरच असते. बोलेरोच्या टायरवर '२१५/७५ आर १५' असे असते. २१५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ७५ टक्के उंची आणि १५ इंची रिम असा त्याचा अर्थ. त्यापुढे '१००' हा अंक असेल तर त्या एका टायरची वजन पेलण्याची मर्यादा ८०० किलो असते. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. 'एस' म्हणजे ताशी १८० आणि 'क्यू' म्हणजे ताशी १६० किलोमीटर. मड टायरवर बहुधा 'क्यू' असतो. आपल्याला तो वेग गाठायचा नाही, पण भार वाहायचा आहे. म्हणून वजनाचा अंक मूळ टायरपेक्षा कमी असलेला टायर घेऊ नये, मग किंमत कितीही उतरलेली असो.

चार आकड्यांचा एक लहान शिक्का असतो. '२३१९' असा शिक्का म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही कडक होत जाते. नक्षी कोरी आहे पण टायर सहा-सात वर्षांपूर्वीचा आहे, असा माल स्वस्त मिळतो. नक्षीच्या मुळाशी बारीक तडे दिसले तर तो टायर पावसाळी डांबरावर धोक्याचा समजावा.

बाजूच्या भिंतीत किती थर आहेत हेही लिहिलेले असते. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे, कारण आपल्या टायरचा खरा शत्रू चिखलाखाली लपलेला असतो. तूर कापल्यावर शेतात तिरप्या टोकाची धसकटे उरतात. बाभळीचा काटा बहुतेकदा मड टायरच्या जाड गट्ट्यात अडकून राहतो आणि पंक्चर होत नाही. या बाबतीत सर्वच मालक समाधानी आढळले. धसकट मात्र बाजूने घुसते. कमी किमतीच्या टायरचा गट्टा जाड असतो, पण भिंत पातळ असू शकते. आमचा एक टायर असाच बाजूने चिरला आणि बाद झाला. बाजूची चीर पंक्चरच्या दुकानात टिकाऊ दुरुस्त होत नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

डांबरावरचा अनुभव

चिखलात जे मिळते त्याची किंमत डांबरावर मोजावी लागते. मोठ्या गट्ट्यांमुळे ताशी पन्नासच्या पुढे घुंघुं आवाज सुरू होतो आणि टायर झिजत जाईल तसा तो वाढतो. स्टिअरिंग किंचित सैल वाटते. आमच्या गाडीचे लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटर कमी झाले. सर्वांत गंभीर गोष्ट ओल्या डांबरावरच्या ब्रेकची आहे. खाचा रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी, त्यात कमी किमतीच्या टायरचे रबर कडक. गाडी नेहमीपेक्षा पुढे जाऊन थांबते. आम्ही पावसात पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवण्याचा नियम केला आणि घरातील प्रत्येक ड्रायव्हरकडून तो पाळून घेतला.

मागच्या दोनच चाकांना मड टायर लावावेत का, असे अनेकजण विचारतात. मागच्या चाकांना ओढ असलेल्या साध्या पिकअपला चिखलात याने मदत होते. परंतु ओल्या डांबरावर मागची पकड पुढच्यापेक्षा कमी राहते आणि वळणावर मागचा भाग फेकला जाऊ शकतो. फोर-बाय-फोर गाडीला तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. घेर वेगळा असेल तर फोर-बाय-फोर टाकल्यावर गिअरच्या पेटीवर ताण येतो. ती दुरुस्ती टायरच्या संचापेक्षा महाग पडते.

मोठ्या मापाची हौसही सांभाळून करावी. २१५/७५ ऐवजी २३५/७५ टायर बसविला तर चाकाचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटरवरून ७३४ होतो, म्हणजे चार टक्के वाढतो. मग मीटरवर ९६ किलोमीटर पडतात तेव्हा गाडी १०० गेलेली असते. मायलेज आणखी घटल्यासारखे वाटते, त्यात थोडा भाग मीटरचाच असतो. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाची मूळ रचना मनाजोगी बदलता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही बाब कडकपणे मांडली आहे. अपघातानंतर विम्याचा वाद नको असेल तर कंपनीने मान्य केलेल्या मापातच राहावे.

हिशेब : वर्षभर की पावसाळ्यापुरते?

आता मुख्य हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

समजा साधा टायर ६,००० रुपयांना मिळतो आणि ६०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला १० पैसे. स्वस्त मड टायर ५,००० रुपयांना मिळतो, पण २५,००० किलोमीटर चालतो. म्हणजे २० पैसे. चार चाकांचा फरक ४० पैसे झाला. डिझेल ९० रुपये लिटर आणि मायलेज १३ वरून १२ वर आले असे धरले तर किलोमीटरला आणखी ५८ पैसे जातात. एकूण ९८ पैसे. वर्षाला १८,००० किलोमीटर गाडी फिरली तर १७,६४० रुपये जादा खर्च. खरेदीच्या वेळी चार हजार वाचले होते, ते कुठल्या कुठे गेले.

आता दुसरी बाजू. चिखलामुळे एक बाजार किंवा एक फेरी बुडाली तर समजा १,२०० रुपये जातात. १७,६४० रुपये भरून निघायला वर्षात पंधरा फेऱ्या वाचल्या पाहिजेत. ज्याची गाडी वर्षात पाच-सहाच वेळा अडते त्याने मड टायरच्या फंदात पडू नये. त्याला साधे चांगले टायर, एक फावडे, दोन फळ्या आणि ओढायचा दोर एवढे पुरे आहे.

परंतु हेच टायर वेगळ्या रिमवर चढवून केवळ पावसाळ्याचे चार महिने वापरले तर हिशेब पालटतो. चार महिन्यांत ६,००० किलोमीटर धरले तर जादा खर्च ५,८८० रुपये. चार जुन्या रिमचे ८,००० रुपये चार पावसाळ्यांत वाटले तर वर्षाला २,०००. एकूण ७,८८० रुपये, म्हणजे सात फेऱ्या वाचल्या की खर्च निघाला. शिवाय साधे टायर तेवढे महिने विश्रांती घेतात. आम्ही दुसऱ्या पावसाळ्यापासून हीच पद्धत धरली आणि तीच या परिसराला योग्य आहे असे आमचे मत आहे. उतरविलेले टायर ऊन, तेल आणि उंदरांपासून दूर, सावलीत उभे ठेवावेत.

हवा : बिनपैशाचा उपाय

टायर बदलण्याआधी हवेचा उपाय करून पाहावा. चिखलाच्या पट्ट्यात शिरण्यापूर्वी रिकाम्या किंवा हलक्या गाडीची हवा १८ ते २० पौंडांपर्यंत उतरविली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. या स्थितीत वेग बैलबंडीपेक्षा थोडाच अधिक ठेवावा आणि डांबर लागताच हवा पूर्ववत भरावी. कमी हवेवर डांबरावर पळविलेला टायर आतून तापून फुटतो. भरलेल्या गाडीची हवा उतरवू नये. ट्यूब असलेल्या टायरमध्येही सांभाळावे, कारण टायर रिमवर सरकला की ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप गाडीत असणे मड टायरइतकेच गरजेचे आहे.

विकणाऱ्यांनी आणि दुरुस्त करणाऱ्यांनी

टायर-पंक्चरच्या धंद्यात आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आहेत. त्यांच्यासाठी यात काम आहे. आतून बसविण्याचे पॅच, चाकांचे बॅलन्सिंग, हंगामाला टायर उतरवून देणे, आठ-दहा हजार किलोमीटरवर चाकांची अदलाबदल करून देणे, या सेवा अशा टायरमुळे वाढतात. पावसाळ्याच्या तोंडावर ज्याच्याकडे हे कौशल्य असेल त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रिमोल्ड नवा म्हणून विकणे, जुन्या सालाचा शिक्का घासून काढणे, बाजूची चीर रबराच्या लेपाखाली झाकणे, असे प्रकार बाजारात होतात. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवण्यास सांगितले, ही हदीस आपण सारे ऐकत आलो आहोत. टायरमधील ओले धान्य म्हणजे त्याचे साल आणि त्याची दुरुस्ती. तेथे तर नुकसान पैशांपुरते राहत नाही, गाडीत बसलेल्यांच्या जिवाचे होते. दोष सांगून कमी किमतीत विकलेला रिमोल्ड हलाल कमाई आहे, तोच दोष झाकून विकला तर कमाईतली बरकत गेली.

गिऱ्हाइकानेही पक्के बिल मागावे. टायरवर जुलै २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. दहा हजार रुपये मूळ किमतीच्या टायरमागे हा फरक एक हजाराचा आहे. नामांकित आणि स्वस्त टायरमधील अंतर त्यामुळे थोडे घटले आहे, तेव्हा भाव नव्याने विचारावेत. टायरसाठी व्याजाचा हप्ता बांधून घेण्यापेक्षा चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून एकाच वेळी खरेदी केली तर दुकानदार भाव सोडतो आणि पैसे नसलेल्या एखाद्या भावाला बाकीचे कर्जे हसना देऊ शकतात.

शेवटी, टायर हा रस्त्याला पर्याय नाही. शेत व पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाची आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी ही योजना आणली. आपला माल ज्या पांदणीतून जातो तिचा प्रश्न ग्रामसभेत शेतकऱ्यांच्या बरोबरीने व्यापाऱ्यांनीही मांडला पाहिजे. जेथे मुरूम-गिट्टी पडली तेथे साधा टायर चालतो. जेथे पडली नाही तेथे मृगाच्या आधी मड टायर चढवावेत, दिवाळीच्या आत उतरवावेत आणि पंपाची वायर तपासून ठेवावी.